मागची चाके रुंद हवीत? आधी मोजपट्टी घ्या!

अमेरिकेतील जुन्या 'मसल कार'च्या मागे रुंद टायर बसवण्याचा छंद आता साठ वर्षांचा होत आला. पण टायर जितका रुंद तितकी गाडी चांगली, हे खरे आहे का? आणि तो बसवण्यासाठी गाडीचा पत्रा कापावाच लागतो का?

ऑगस्ट महिन्यातील तिसऱ्या शनिवारी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर जुन्या मोटारींची जत्रा भरते. डेट्रॉइट शहरातून वायव्येला जाणारा हा रस्ता. १९९५ साली फर्नडेल या लहानशा गावातील मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी जमवावा, म्हणून काही मंडळींनी हा उपक्रम सुरू केला. आज तो जगातील अशा सर्वांत मोठ्या मेळाव्यांपैकी एक मानला जातो. आयोजकांच्या सांगण्यानुसार ४० हजारांच्या आसपास जुन्या गाड्या तेथे येतात. रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे ही मिरवणूक पाहत बसतात.

या मिरवणुकीत समोरून येणाऱ्या गाडीपेक्षा पाठमोरी गाडी अधिक पाहिली जाते. पुढची चाके साधीच, पण मागे मात्र मडगार्डच्या आत काठोकाठ भरलेले, काळेभोर, रुंद टायर. मांडी ठोकून उभ्या राहिलेल्या मल्लासारखी ती गाडी दिसते. १९७०ची 'डॉज चार्जर' ज्यांनी २००१च्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस' या चित्रपटात पाहिली असेल, त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल.

पाहणाऱ्याला वाटते, पैसे टाकले, दुकानातून मोठे टायर आणले आणि बसवले. प्रत्यक्षात रुंद टायर विकत घेणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. तो गाडीच्या आत मावणे, खड्ड्यात उसळी मारल्यावर कशाला न घासणे आणि वळणावर गाडीचा तोल न बिघडवणे, हा खरा प्रश्न. हे ज्यांनी आधी मोजले नाही, त्यांच्या हाती बहुधा कापलेला पत्रा आणि फाटलेले टायर येतात.

इंजिन वाढले, टायर तेवढेच राहिले

मसल कार म्हणजे काय? मध्यम आकाराची, दोन दारांची, बेताच्या किमतीची घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या, महागड्या गाडीचे इंजिन बसवायचे, अशी ही सरळसोट कल्पना. तिचे श्रेय सामान्यतः १९६४च्या 'पाँटिअ‍ॅक जीटीओ'ला दिले जाते. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्स कंपनीचा तेव्हा नियम होता. पाँटिअ‍ॅक विभागातील जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी 'टेम्पेस्ट' गाडीवर सुमारे ३०० डॉलर जादा घेऊन मिळणारी सोय म्हणून देऊ केले. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. मग काय, प्रत्येक कंपनी या शर्यतीत उतरली.

१९७० साली ही शर्यत शिखरावर पोहोचली. त्या वर्षीच्या 'शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४' या गाडीच्या सर्वांत जोरदार इंजिनाची ताकद कंपनीने ४५० अश्वशक्ती सांगितली होती. अर्थात त्या काळी ही ताकद पंखा, सायलेन्सर वगैरे जोडण्याआधीच मोजली जाई. त्यामुळे आजच्या हिशेबाने आकडा थोडा कमीच धरावा लागेल. तरीही आपल्या रस्त्यांवर तेव्हा धावणाऱ्या अँबेसडरचे इंजिन पन्नास अश्वशक्तीच्या आसपास होते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो.

आणि एवढी ताकद रस्त्यावर उतरवणारे टायर कोणते? तर 'एफ ७०-१४' या मापाचे. आजच्या भाषेत सांगायचे तर सुमारे २१५ मिलिमीटर रुंदीचे. आज आपल्याकडे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या एसयूव्हीलाही एवढे रुंद टायर असतात!

शिवाय ते आजच्यासारखे रेडियलही नव्हते. टायरच्या आतील धागे एकमेकांना तिरके छेद देत विणलेले असत. आपल्याकडे ज्याला बरीच वर्षे 'नायलॉन टायर' म्हणत, त्याच जातीचे. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ सालीच रेडियल टायरचे पेटंट घेतले होते. परंतु अमेरिकन कंपन्यांनी ते स्वीकारायला बराच वेळ लावला. 'लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ३' या गाडीला १९७०मध्ये रेडियल टायर मूळचेच मिळू लागले, तेव्हा अमेरिकन गाडीच्या बाबतीत ही पहिलीच वेळ होती. मसल कार मात्र काचतंतूंचा पट्टा घातलेल्या तिरक्या विणीच्या टायरवरच धावत राहिल्या.

परिणाम काय झाला, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागची चाके जागच्या जागी फिरत, धूर निघे, आवाज होई आणि गाडी पुढे जाण्याऐवजी शेपूट हलवत राही. पडद्यावर हे दृश्य छान दिसते. पण शर्यत जिंकायची असेल तर ते उपयोगाचे नाही आणि ओल्या रस्त्यावर तर ते जिवावर बेतणारे. रुंद टायरची ओढ येथूनच सुरू झाली.

रुंदीने नेमके काय होते?

गाडी जोरात सुटते तेव्हा तिचे नाक वर येते आणि भार मागे सरकतो. स्कूटर एकदम सोडली की मागे बसलेला माणूस मागे कलतो, तसेच हे. या जुन्या गाड्यांना इंजिनाची ताकद मागच्याच चाकांकडे जाते. म्हणजे भारही मागे आणि जोरही मागे. म्हणूनच पकड वाढवायची ती मागे, हा विचार चुकीचा नाही.

मात्र येथे एक समज दूर करायला हवा. टायर रुंद केला की रस्त्याला टेकणारी जागा त्याच प्रमाणात वाढते, असे नाही. ती जागा मुख्यतः टायरवरील वजन आणि आतील हवेचा दाब यांवर ठरते. तेवढीच हवा ठेवून टायर रुंद केला, तर टेकणाऱ्या जागेचा आकार बदलतो. लांबट तळहाताएवढा भाग आखूड आणि रुंद होतो. रुंद टायरचा खरा फायदा असा की त्यात हवा थोडी कमी ठेवूनही तो वजन पेलतो. त्यामुळे जास्त रबर रस्त्याला टेकते, उष्णता अधिक भागात वाटली जाते आणि मऊ रबर वापरणे परवडते. रबराचा गुणच असा, की प्रत्येक चौरस इंचावरील भार जितका कमी, तितके ते चांगले चिकटते.

सरळ रेषेतील पाव मैलाच्या शर्यती, म्हणजे ड्रॅग रेसिंग करणाऱ्यांनी हे फार लवकर ओळखले. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली या शर्यतींसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्याच दशकात 'एम अँड एच' या बाप-लेकांच्या कंपनीने खास अशा शर्यतींसाठी नक्षी नसलेले, मऊ, रुंद टायर बनवायला सुरुवात केली. शर्यतीच्या पट्टीवर जे चालले, ते पाहून रस्त्यावरच्या तरुणांनीही आपल्या गाडीला तसेच टायर हवेत, असा ध्यास घेतला.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

काम सुरू करण्यापूर्वी टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा. या गाड्यांवर आज फार लोकप्रिय असलेले माप आहे '२७५/६० आर १५'. यातील २७५ ही फुगलेल्या टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १६५ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांमधील व्यास.

आता बेरीज करू. रिम ३८१ मिलिमीटर, वर १६५ आणि खाली १६५. एकूण उंची झाली ७११ मिलिमीटर. मूळच्या १४ इंची टायरची उंची सुमारे ६५७ मिलिमीटर होती. म्हणजे टायर नुसता रुंद झाला नाही, तर आठ टक्क्यांनी उंचही झाला. याचे दोन परिणाम होतात.

पहिला म्हणजे वेगदर्शक काटा खोटे बोलू लागतो. काटा १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०८च्या वेगाने धावत असते. दुसरा परिणाम गिअरचा. मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, त्यामुळे गाडी थोड्या वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी वागते. मागच्या एक्सलचे गिअर प्रमाण ३.७३ असेल, तर गाडीला ते ३.४५ असल्यासारखे जाणवते. म्हणजे जोरात सुटण्यासाठी रुंद टायर बसवायचा आणि त्याच्या उंचीमुळे सुटण्याचा जोर थोडा गमवायचा! म्हणूनच जाणकार माणूस रुंदीबरोबर उंचीही मोजतो.

आणखी एक गोष्ट. टायरची लिहिलेली रुंदी ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायर सुमारे ५ मिलिमीटरने फुगतो. त्यामुळे रिमची रुंदी ठरल्याशिवाय टायरची खरी रुंदी कळत नाही.

जागा आहे कुठे?

आता मुख्य प्रश्न. मागच्या चाकाच्या पोकळीत जागा दोन बाजूंनी संपते. बाहेरच्या बाजूला मडगार्डची कड असते. वरून ती एका पत्र्याची दिसली, तरी आत बोट फिरवले की कळते, तेथे पत्रा आडवा दुमडलेला आहे. टायर वर उसळला की ही धार त्याला सुरीसारखी कापते. आतल्या बाजूला कमानपाटा असतो, चेसिसचा दांडा असतो, शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतो, सायलेन्सरचा नळ असतो आणि ब्रेकची नळीही असते. कोणत्या गाडीत प्रथम काय आड येईल, ते गाडीगणिक बदलते. 'चार्जर'सारख्या मोठ्या गाडीत योग्य रिम निवडल्यास २७५चा टायर काहीही न कापता बसतो. १९६५-६६च्या 'मस्टँग'सारख्या लहान अंगाच्या गाडीत मात्र त्याच्या बऱ्याच आधी जागा संपते.

म्हणून कोणाच्या ऐकीव मापावर विसंबू नये. आपली गाडी आपणच मोजावी. त्याची रीत अशी:

* गाडी सपाट जागी उभी करा. मागचे चाक काढा. परंतु आधार एक्सलच्या नळीखाली द्या, चेसिसखाली नव्हे. म्हणजे कमानपाट्यांवर गाडीचे वजन राहील आणि सगळे भाग चालत्या गाडीप्रमाणे आपापल्या जागी असतील.

* चाक ज्या चकतीवर बोल्टने बसते, त्या चकतीपासून आतल्या सर्वांत जवळच्या अडथळ्यापर्यंतचे अंतर मोजा. मग त्याच चकतीपासून मडगार्डच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर मोजा.

* दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. त्या काळच्या गाड्यांची जुळणी आजच्यासारखी काटेकोर नव्हती. डावी आणि उजवी बाजू सारखी असेलच असे नाही. जी बाजू अरुंद, तिचेच माप खरे धरा.

* वळणावर टायर बाजूला लवतो आणि एक्सलही थोडा सरकतो. म्हणून आत निदान १५ आणि बाहेर २० मिलिमीटर मोकळी जागा सोडा.

समजा, आत १६५ आणि बाहेर १५५ मिलिमीटर जागा मिळाली. मोकळी जागा वजा केल्यावर आत १५० आणि बाहेर १३५ उरले. एकूण झाले २८५. म्हणजे २७५चा टायर मावेल, पण तो चकतीच्या बरोबर मध्यावर नको. त्याचा मध्य साडेसात मिलिमीटर आतल्या बाजूला हवा. नेमके हेच काम रिम करते.

रिम उपडी ठेवून तिच्या मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा. त्या पट्टीपासून बोल्टच्या चकतीपर्यंत जेवढी खोली भरेल, ती रिमची आतली खोली. अमेरिकन दुकानदार 'बॅकस्पेस' म्हणतात ती हीच. आपल्या उदाहरणात ८ इंच रुंदीच्या रिमला ही खोली सुमारे पावणेपाच इंच हवी. तीच ८ इंची रिम चार इंच खोलीची घेतली, तर टायर सुमारे २० मिलिमीटर बाहेर येईल आणि पहिल्याच खड्ड्यात मडगार्डला कापला जाईल. टायर तोच, गाडी तीच, फक्त रिम चुकली!

मापे जुळल्यावरही एक परीक्षा उरते. चाक लावून एकेका बाजूचा एक्सल जॅकने वर उचला, अगदी रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत. या गाड्यांना मागे एकसंध एक्सल असतो. एक चाक उंचवट्यावर चढले की दोन्ही चाके एकदम कलतात. उभ्या गाडीत छान बसलेला टायर येथे घासू शकतो. नवे टायर आणण्याआधी त्याच मापाचा जुना टायर कोणाकडून मागून आणून ही परीक्षा घेतली, तर पैसेही वाचतात आणि मनस्तापही.

मावत नसेल तर?

येथे माणसाच्या संयमाची कसोटी लागते. उपाय पुष्कळ आहेत. पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वांत आधी रिम बदलावी. यात गाडीला धक्का लागत नाही. दुसरा उपाय मडगार्डच्या आतली दुमडलेली धार हळूहळू तापवत, दाबत वर मोडून घेण्याचा. सावकाश केले तर रंगही शाबूत राहतो आणि थोडी जागा मिळते. हा उपाय खुद्द कंपन्यांनीही वापरला आहे. १९६९च्या 'मस्टँग बॉस ४२९'ला रुंद एफ ६०-१५ टायर बसावेत, म्हणून मडगार्डच्या कडा मोडून घेतल्या जात.

तिसरा उपाय कमानपाटे थोडे आत सरकवण्याचा. यासाठी नव्या जागी भक्कम आधार वेल्ड करावे लागतात. चौथा, पोकळीचा आतला पत्रा कापून तो चेसिसच्या दांड्यापर्यंत आत नेण्याचा. आणि शेवटचा, एक्सलच आखूड करण्याचा आणि चेसिसचा मागचा भाग नव्याने बांधण्याचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या दशकात याची मोठी लाट आली. तिला 'प्रो स्ट्रीट' म्हणत. शर्यतीच्या गाडीचे मागचे अंग रस्त्यावरच्या गाडीला लावायचे. टायर इतके रुंद की मागचे आसन आणि डिकी दोन्ही गेली. गाडी दिसायला भारी, पण घरच्यांना बसायला जागाच नाही!

त्याआधी, १९७०च्या दशकात, आणखी एक स्वस्तातली युक्ती चालत असे. मागे हवेचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवून किंवा कमानपाट्यांच्या कड्या लांब करून गाडीचे शेपूटच वर उचलायचे, म्हणजे टायर मडगार्डच्या खालून मोकळा राहतो. त्या काळच्या छायाचित्रांत अशा पुढे झुकलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. परंतु त्यामुळे गाडीचा भार ज्या कड्यांवर येई, त्या मुळात तो पेलण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. हेडलाइटचा झोत खाली पडे, फिरत्या दांड्याचा कोन बिघडे आणि वळणावर गाडी जास्त डोलू लागे. हवा गळाली की टायर पुन्हा पत्र्याला टेकायचाच.

चाकामागे जाड चकती घालून चाक बाहेर ढकलण्याचा मार्गही काही जण पत्करतात. चकतीमुळे बोल्टला नटाचे पुरेसे आटे मिळाले नाहीत, तर धावत्या गाडीचे चाक निघू शकते. या मोहापासून चार हात दूर राहिलेले बरे.

कापलेला पत्रा परत येत नाही

रिम काढून जुनी बसवता येते. टायर बदलता येतो. मात्र साठ वर्षांपूर्वीच्या कारखान्यातून आलेला पत्रा एकदा कापला की तो मूळचा राहत नाही. नवा पत्रा जोडता येतो, पण ती गाडी 'जशी होती तशी' कधीच होत नाही.

याची किंमत किती, ते एका उदाहरणावरून कळेल. १९६८च्या 'बुलिट' या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीनच्या हिरव्या मस्टँगने काळ्या चार्जरचा केलेला पाठलाग आजही नावाजला जातो. त्या चित्रीकरणातील एक मस्टँग पुढे अनेक वर्षे एका कुटुंबात राहिली. रोजच्या कामासाठी वापरली गेली, मग धूळ खात पडली. कोणी तिला नटवले नाही, कापले नाही, रंगवलेही नाही. जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडात तिचा लिलाव झाला, तेव्हा बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. शुल्क धरून किंमत झाली ३७ लाख ४० हजार डॉलर. अर्थात चित्रपटाची पुण्याई तिच्यामागे होती. तरीही संग्राहक मूळ रूपाला किती मान देतात, हे त्यातून दिसले.

प्रत्येक जुनी गाडी लाखमोलाची नसते. गंजून भोके पडलेल्या, मूळ इंजिन हरवलेल्या साध्या गाडीवर कोणी हौस भागवली, तर त्यात वावगे काही नाही. मात्र दुर्मीळ इंजिनाच्या, शाबूत पत्र्याच्या गाडीवर कटर चालवण्याआधी शंभर वेळा विचार करायला हवा. गाड्या आता नव्याने बनणार नाहीत. विमा कंपन्यांनी वाढवलेले हप्ते, प्रदूषणविरोधी कायदे आणि १९७३चे तेलसंकट यांनी तो काळच संपवला.

मागचे पाहिले, पुढचे काय?

सगळा जीव मागच्या टायरवर ओतताना पुढच्या चाकांचा विसर पडतो. हा या छंदातला सर्वांत घातक दोष. ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो आणि गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. पुढे अरुंद टायर आणि जुने ड्रम ब्रेक असतील, तर मागे कितीही रुंद टायर लावा, गाडी लवकर थांबत नाही. शिवाय मागची पकड फार वाढली आणि पुढची तेवढीच राहिली, तर वळणावर गाडी वळायला नकार देते आणि सरळ जाऊ पाहते. म्हणूनच आधी पुढचे ब्रेक आणि पुढचे टायर, मग मागची रुंदी, असा क्रम हवा.

या क्रमाने गेले तर एक आनंदाची गोष्ट लक्षात येते. मूळच्या मापाच्या जवळपासचे, पण आजच्या बनावटीचे चार चांगले रेडियल टायर बसवले, तरी गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी शहाण्यासारखी वागते. वाढलेल्या पकडीचे बरेच श्रेय रुंदीला नव्हे, तर नव्या रबराला आणि नव्या विणीला असते. काही कारणाने दोनच रेडियल घेतले, तर ते मागे लावावेत. पुढे रेडियल आणि मागे जुन्या विणीचे टायर लावल्यास गाडीचे शेपूट अचानक सुटू शकते. एकाच एक्सलवर तर दोन जाती कधीच मिसळू नयेत.

पावसाचाही विचार हवा. रुंद टायरला पुढ्यातले पाणी बाजूला सारायला जास्त मेहनत पडते. पाण्याच्या थरावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो. शर्यतीसाठीचे मऊ, कमी नक्षीचे टायर तर पावसात रस्त्यावर आणूच नयेत.

आणि शेवटी टायरचे वय. हौशी माणसाची गाडी महिन्यातून एकदा बाहेर निघते. नक्षी नव्यासारखी दिसते, पण आतले रबर म्हातारे होत असते. अमेरिकन प्रमाणाच्या टायरवर २००० सालापासून चार आकडे असतात. उदाहरणार्थ '३०१९' म्हणजे २०१९चा तिसावा आठवडा. नोव्हेंबर २०१३मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे गाडीच्या अपघातात मरण पावला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात अपघाताचे कारण म्हणून बेफाम वेगच नोंदला गेला, पण टायरच्या वयाचीही दखल घेतली गेली. नक्षी पाहून नव्हे, तारीख पाहून टायर बदलावा.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे मसल कार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. फोर्डने २०१६ साली नवी मस्टँग भारतात आणली, तेव्हा अनेकांनी ती प्रथमच जवळून पाहिली. परंतु रुंद टायरचा मोह आपल्या गल्लीतही आहे. नवी हॅचबॅक घेतली की आठवड्याभरात मुलगा टायरच्या दुकानाची चौकशी करू लागतो, हा अनुभव कित्येक घरांत येतो.

अशा वेळी रागावण्यापेक्षा त्याच्याबरोबर दुकानात जावे आणि चार प्रश्न विचारावेत. नव्या टायरची एकूण उंची जुन्यापेक्षा किती बदलते? दोन-तीन टक्क्यांपलीकडे ती जाऊ नये. रिमची आतली खोली किती? टायरची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी तर नाही ना? आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून, चार माणसे बसवून टायर कुठे घासतो का? त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जे माप दिले आहे, तेवढ्यावर थांबणे सर्वांत सुरक्षित.

कायद्याचेही भान ठेवावे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केले. ज्यांच्या घरी आजोबांची जुनी गाडी आहे, त्यांनी तर अधिकच जपावे. केंद्र सरकारने २०२१मध्ये आणलेल्या नियमांनुसार, ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांसह नोंदणी होऊ शकते. मात्र त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे हौसेपोटी मागचा पत्रा कापला, तर ही संधीही हातची जाऊ शकते.

हौस असावी. साठ वर्षांची गाडी घरातल्या माणसासारखी सांभाळणारे लोक आहेत म्हणून तर वुडवर्डच्या रस्त्यावर आजही मुले टाळ्या वाजवतात. पण त्या गाडीला काय पेलवते, हे गाडीलाच विचारावे लागते आणि तिचे उत्तर मोजपट्टीवर मिळते. आधी मोजा, मग रिम ठरवा, त्यानंतर टायर घ्या. कटर हातात घेण्याची वेळ आलीच, तर ती सर्वांत शेवटी येऊ द्या.